स्क्रिप्टला काय दिसले?

एका तालुक्याच्या गावातली पतसंस्था. पिग्मी एजंट संध्याकाळी दिवसभराची जमा घेऊन येतात, कारकून ती हिशोबाच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये चढवतात आणि रात्री साडेनऊला एक पायथन स्क्रिप्ट तोच प्रोग्रॅम उघडून, मेनूत जाऊन दिवसाचा गोषवारा एक्सेलमध्ये काढते आणि मुख्य शाखेला पाठवते. ठरले तसे होते. प्रत्यक्षात दुपारी चाचणी घेतली की स्क्रिप्ट बिनचूक चाले आणि रात्री बंद पडे. लॉगमध्ये रोज एकच ओळ: ‘स्क्रीन ग्रॅब फेल्ड’. ही ओळ पडद्याचे चित्र घेणाऱ्या पिलो या लायब्ररीतून येत होती, म्हणून तिथल्या तरुण प्रोग्रॅमरने पिलो तीनदा काढून पुन्हा टाकली. मग पायथनची आवृत्ती बदलली. मग दर दोन ओळींमध्ये पाच-पाच सेकंद थांबायची आज्ञा घातली. अठरा दिवस हे चालले होते. मी गेलो त्या दिवशी कोड उघडलाच नाही, संध्याकाळभर नुसता तिथे बसून राहिलो. पावणेआठला शेवटच्या कारकून बाई उठल्या, पर्स खांद्याला लावली आणि विंडोज व एल या दोन कळा एकदम दाबून त्यांनी स्क्रीन लॉक केली. लेखापरीक्षकांनी तसे सांगितले होते, आणि त्यांचे सांगणे योग्यच होते.

स्क्रीन लॉक झाली की विंडोज एक वेगळा, सुरक्षित डेस्कटॉप पुढे आणते. आपले प्रोग्रॅम मागच्या डेस्कटॉपवर चालू राहतात, पण त्या डेस्कटॉपचे चित्र घेता येत नाही आणि स्क्रिप्टने दाबलेली कळ तिथे पोचत नाही. स्क्रिप्टमध्ये चूक नव्हती, पिलोत नव्हती, पायथनमध्ये नव्हती. स्क्रिप्ट लिहिताना एक गोष्ट गृहीत धरली गेली होती, ती म्हणजे समोर उघडा पडदा आहे. ते गृहीतक कुठे लिहिलेले नव्हते, म्हणून कोणी तपासलेही नाही.

हे पुस्तक त्या अठरा दिवसांमुळे लिहिले गेले. विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या पायथन स्क्रिप्ट बिघडतात तेव्हा बिघाड बहुतेक वेळा पायथनमध्ये नसतो. स्क्रिप्ट आणि डेस्कटॉप यांच्यामधल्या न बोललेल्या करारात तो असतो. पडदा उघडा असेल, विंडो पुढे असेल, कळफलक इंग्रजीवर असेल, प्रोग्रॅम इतक्या वेळात उघडेल, मला परवानगी असेल: स्क्रिप्ट यातले काहीही विचारत नाही, धरून चालते. म्हणून दुरुस्तीला बसताना ‘कोडमध्ये काय चुकले’ याच्या आधी विचारायचा प्रश्न आहे, ‘त्या क्षणी स्क्रिप्टला काय दिसले?’

मुळात ही उठाठेव करावी का लागते, हे नवख्या वाचकाला सांगायला हवे. वेबसाइटशी किंवा डेटाबेसशी प्रोग्रॅमने बोलायचे मार्ग ठरलेले आहेत. पण कार्यालयांत, कारखान्यांत, दवाखान्यांत, प्रयोगशाळांत हजारो विंडोज प्रोग्रॅम असे आहेत की माणसाने समोर बसून वापरावे एवढीच त्यांच्या कर्त्यांची कल्पना होती. वजनकाट्याचा प्रोग्रॅम, रक्ततपासणी यंत्राबरोबर आलेला प्रोग्रॅम, पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून दिलेला पगारपत्रकाचा प्रोग्रॅम. यांना दुसरे दारच नाही, खिडकीतूनच आत जावे लागते. त्यामुळे कोणीतरी रोज दोन तास तेच ते आकडे एका विंडोतून दुसऱ्या विंडोत उतरवत बसते. ते दोन तास वाचवण्यासाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट हा या पुस्तकाचा विषय आहे. मला हे काम मोलाचे वाटते. त्या दोन तासांमागे कुणाचे तरी दुखणारे मनगट असते आणि रात्री उशिरा घरी पोचणे असते.

विंडोज आतून कशी चालते याची थोडी कल्पना असली की पुढचे सगळे सोपे जाते. विंडोजमध्ये प्रत्येक विंडोला एक क्रमांक असतो, त्याला हँडल म्हणतात. जुन्या पद्धतीच्या प्रोग्रॅममध्ये मोठ्या विंडोलाच नव्हे, तिच्यातल्या प्रत्येक बटणाला आणि प्रत्येक चौकटीलाही स्वतःचे हँडल असते. बटणाचा वर्ग ‘बटन’, लिहिण्याच्या चौकटीचा वर्ग ‘एडिट’. माऊस दाबला, कळ दाबली, विंडो हलवली की विंडोज त्या त्या विंडोला निरोप पाठवते. हे निरोप रांगेत उभे राहतात आणि प्रोग्रॅम ते एकेक करून उचलतो. प्रोग्रॅम मोठ्या हिशोबात गुंतला असेल तर रांग तुंबते आणि विंडोवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ दिसू लागते. आपण ज्याला ‘हँग झाले’ म्हणतो ते म्हणजे ही तुंबलेली रांग. आता असे समजा की दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तोच निरोप पाठवला. निरोप माणसाच्या बोटातून आला की स्क्रिप्टमधून, हे बटणाला सहसा कळत नाही. सगळी विद्या या एका फटीतून आत शिरली आहे.

पहिली वाट सर्वात साधी: माणूस जे करतो त्याची हुबेहूब नक्कल. १९९० च्या विंडोज ३.० बरोबर ‘रेकॉर्डर’ नावाचा छोटा प्रोग्रॅम येत असे. तो कळा आणि माऊसच्या हालचाली नोंदवून ठेवी आणि पुन्हा करून दाखवी. विंडोज ९५ मध्ये तो राहिला नाही, पण कल्पना राहिली. व्हिज्युअल बेसिकमधली ‘सेंडकीज’ आज्ञा, १९९९ चे ऑटोइट, २००३ चे ऑटोहॉटकी ही सगळी त्याच वाटेवरची. पायथनमध्ये हे काम पायऑटोजीयूआय करते. तिचे कर्ते अल स्वायगर्ट यांच्या २०१५ च्या ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ विथ पायथन’ या पुस्तकामुळे प्रोग्रॅमर नसलेली कितीतरी माणसे या विषयात आली. या लायब्ररीतली एक सोय मला फार आवडते. स्क्रिप्ट भलतीकडे क्लिक करत सुटली तर माऊस ओढून पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात न्यायचा, की ती थांबते. ज्याने ही सोय ठेवली त्याने सुटलेली स्क्रिप्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली असणार. या वाटेचा दोषही तिच्या साधेपणातच आहे. पडद्यावरच्या (६४०, ४१२) या बिंदूवर क्लिक कर, एवढेच स्क्रिप्टला ठाऊक असते. तिथे बटण आहे की मधेच उगवलेली अपडेटची सूचना, हे तिला माहीत नसते.

दुसरी वाट निरोपांची. पडदा बाजूला ठेवायचा आणि बटणाच्या हँडललाच सांगायचे, ‘तू दाबले गेलेस’. मार्क हॅमंड यांच्या पायविन३२ लायब्ररीने विंडोजची ही सगळी आतली यंत्रणा पायथनला खुली केली. त्यांनी आणि अँडी रॉबिन्सन यांनी २००० साली लिहिलेले ‘पायथन प्रोग्रॅमिंग ऑन विन३२’ हे पुस्तक आजही जाणकारांच्या कपाटात असते. मार्क मॅकमहोन यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या पायविनऑटोने त्याच यंत्रणेवर माणसाला वाचता येईल अशी भाषा चढवली: ही विंडो शोध, तिच्यातले ‘ओके’ शोध, दाब.

तिसऱ्या वाटेबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण ती तयार झाली ती ऑटोमेशनसाठी नव्हे. १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्ह अ‍ॅक्सेसिबिलिटी आणली आणि २००६ मध्ये डॉटनेट ३.० बरोबर यूआय ऑटोमेशन. उद्देश असा की पडदा न दिसणाऱ्या माणसाला त्याच्या स्क्रीन रीडरने सांगता यावे: इथे बटण आहे, त्याचे नाव ‘जतन करा’, ते आत्ता दाबता येण्याजोगे आहे. त्यासाठी प्रत्येक प्रोग्रॅमने आपल्या पडद्याची एक वंशावळ बाहेर दाखवायची: मोठी विंडो, तिच्यात फलक, फलकात बटणे, प्रत्येकाचे नाव आणि भूमिका. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये सुरू केलेला एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर याच वंशावळीवर चालतो, आणि तो मुख्यतः पायथनमध्येच लिहिलेला आहे. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक या आवाजाला मराठीही वाचता येते. म्हणजे दुसऱ्याचे विंडोज प्रोग्रॅम वाचणारा पायथनमधला बहुधा सर्वात कसलेला प्रोग्रॅम अंध वापरकर्त्यांसाठी लिहिला गेला आहे. पायविनऑटोने हीच वंशावळ वापरायची सोय पुढे केली, तिला ‘यूआयए’ बॅकएंड म्हणतात. स्क्रिप्टला बटणाचे नाव सापडत नाही तेव्हा मी आधी एनव्हीडीए लावून पाहतो. तोही त्या बटणापाशी नुसते ‘बटन’ म्हणून थांबला, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने बटणाला नावच दिलेले नाही हे कळते. अशा वेळी स्क्रिप्टसाठी आडवाट शोधताना एवढे लक्षात ठेवावे, की ज्याला दिसत नाही त्याला ती आडवाटही नाही. प्रोग्रॅमच्या कर्त्यांना पत्र लिहून नाव द्यायला सांगणे हा माझ्या मते दुरुस्तीचाच भाग आहे.

चौथी वाट दिसायला सर्वात कोरडी आणि कामाला सर्वात भरवशाची. एक्सेल, वर्ड, जुने आउटलुक यांसारखे प्रोग्रॅम आपली आतली रचना कॉम नावाच्या पद्धतीने बाहेर देतात. १९९३ च्या एक्सेल ५ पासून व्हीबीए याच रचनेवर चालते. इथे क्लिक नाही, विंडो नाही. या वहीतल्या या पानावरच्या या चौकटीत हा आकडा, असे थेट सांगता येते. सॅप जीयूआयला अशीच स्वतःची स्क्रिप्टिंगची सोय आहे, मात्र सर्व्हरवर ती चालू करून घ्यावी लागते. आपल्याकडच्या हिशोबनिसांच्या रोजच्या ओळखीच्या टॅलीला एक्सएमएलमधून नोंदी देता-घेता येतात, एरवी ९००० क्रमांकाच्या पोर्टवर. पाचवी वाट चित्राची. एमआयटीत २००९ मध्ये तयार झालेल्या सिकुलीने दाखवले की बटणाचा छोटा फोटो दिला की प्रोग्रॅम तो पडद्यावर शोधून तिथे क्लिक करू शकतो. सिकुली हा मेक्सिकोतल्या हुइचोल लोकांचा शब्द, अर्थ ‘देवाचा डोळा’. आणि या सगळ्या वाटांवर आवरण चढवून विकणारा रोबोटिक प्रोसेस ऑटोमेशनचा (आरपीए) मोठा उद्योग आहे. ब्ल्यू प्रिझम, यूआयपाथ ही त्यातली जुनी नावे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये पॉवर ऑटोमेट डेस्कटॉप विंडोज १० च्या ग्राहकांना मोफत दिला. या पुस्तकात त्यांचा वेगळा विचार नाही, कारण आवरणाखालचे बिघाड तेच आहेत.

कोणती वाट चांगली यावर जाणकारांत वाद होतात. माझे मत सरळ आहे: प्रोग्रॅम जितक्या आतून बोलायला तयार असेल तितक्या आतून बोलावे. कॉम असेल तर कॉम, नाहीतर वंशावळ, नाहीतर निरोप, आणि सगळे संपल्यावर चित्र आणि बिंदू. बाहेरून आत जाणारे बहुतेक जण याच्या उलट क्रमाने शिकतात, कारण क्लिक करणारा माऊस पाहायला मजा येते. शिकायला तसे हरकत नाही. रोज रात्री चालणारे काम त्यावर उभे करू नये.

आता बिघाडांकडे. वाट निवडतानाच झालेली चूक ही नवख्यांची पहिली अडचण असते. पायविनऑटो काही सांगितले नाही तर ‘विन३२’ बॅकएंड, म्हणजे निरोपांची वाट, धरून चालते. समोरचा प्रोग्रॅम डब्ल्यूपीएफ या नंतरच्या पद्धतीत लिहिलेला असेल, तर त्याच्या बटणांना स्वतःची हँडल नसतात. सगळा पडदा म्हणजे एकच विंडो. स्क्रिप्ट म्हणते ‘एलिमेंट नॉट फाउंड’, आणि ती खरेच बोलत असते. तिला भिंत दिसते आहे, दारे दिसत नाहीत. बॅकएंड ‘यूआयए’ केला की तीच भिंत दारांनी भरते. विंडोज १० वर कॅल्क्युलेटर उघडणारी स्क्रिप्ट हाही जवळजवळ प्रत्येकाने घेतलेला अनुभव. कॅल्क नावाचा प्रोग्रॅम सुरू होतो, खरे काम दुसऱ्याच प्रोसेसकडे सोपवतो आणि संपतो. कॅल्क्युलेटर समोर पडद्यावर दिसत असतो आणि स्क्रिप्ट म्हणते, मी सुरू केलेल्या प्रोसेसची विंडो नाही. दोघांचेही खरे असते.

वेळेचे बिघाड सर्वात जास्त आणि त्यांच्यावरचा उपाय सर्वात चुकीचा केला जातो. सेव्हची विंडो यायला आज अर्धा सेकंद लागला, महिनाअखेरीला नेटवर्कवर ताण असताना सात लागतील. स्क्रिप्टमध्ये तीन सेकंदांची झोप घातली तर एकतीस तारखेला ती पडते आणि उरलेले तीस दिवस विनाकारण झोपते. घड्याळाकडे पाहून थांबायचे नसते, खूण पाहून थांबायचे असते: विंडो आली का, बटण दाबता येते का, ‘छपाई पूर्ण’ दिसले का. पायविनऑटोत त्यासाठी ‘वेट’ आहे, त्याला जास्तीत जास्त किती वेळ थांबायचे तेही सांगता येते. दर दोन ओळींमध्ये स्लीप घातलेली स्क्रिप्ट माझ्यासमोर येते तेव्हा कुणीतरी किती रात्री ती चालण्याची वाट पाहिली असेल, हे त्या ओळींवरून दिसते.

परवानगीचा बिघाड याहून फसवा. विंडोज व्हिस्टापासून एक नियम आहे: अ‍ॅडमिन म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला साध्या अधिकारात चालणारी स्क्रिप्ट निरोप पाठवू शकत नाही. नियम सुरक्षेसाठी आहे आणि हवाच. पण स्क्रिप्टने पाठवलेली कळ या कारणाने अडवली गेली, तर ते एररमधून कळत नाही. आज्ञा दिली, उत्तर नेहमीसारखे आले, पडद्यावर काहीच हलले नाही. अशा वेळी टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘एलिव्हेटेड’ हा रकाना लावून दोन्ही प्रोग्रॅमची तुलना करायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो अर्धा मिनिट पुष्कळदा आठवडा वाचवतो.

पतसंस्थेतल्या लॉक झालेल्या पडद्याच्या घराण्यातले आणखी दोन बिघाड. टास्क शेड्युलरमध्ये ‘युजर लॉगिन असो वा नसो’ हा पर्याय निवडला की स्क्रिप्ट पडदाच नसलेल्या सेशनमध्ये चालते. एक्सेलच्या फाइली लिहिणे तिथे कधी कधी जमतेही, क्लिक कधीच जमत नाही. आणि दूरच्या मशीनवर रिमोट डेस्कटॉपने स्क्रिप्ट लावून आपण ती विंडो मिनिमाइझ केली, की पलीकडे पडदा रंगवणे थांबते आणि स्क्रिप्ट अडते. आपण पाहायला जातो, विंडो पुन्हा मोठी करतो, पडदा परत येतो, स्क्रिप्ट चालू लागते. ‘मी पाहिले की चालते’ अशी तक्रार ऐकली की आधी हेच विचारावे.

पडद्याच्या मापाचेही तसेच. लॅपटॉपवर अक्षरे मोठी दिसावीत म्हणून स्केल १२५ टक्के केलेले असते. ज्या प्रोग्रॅमने आपल्याला हे समजते असे विंडोजला सांगितलेले नसते, त्याला १९२० बाय १०८० चा पडदा १५३६ बाय ८६४ चा भासतो. एकाने एका मापात टिपलेला बिंदू दुसऱ्याच्या मापात भलतीकडे पडतो, आणि चित्रावरून शोधणाऱ्या स्क्रिप्टला तर १०० टक्क्यांवर काढलेला बटणाचा फोटो १२५ टक्क्यांवर ओळखूच येत नाही.

आता एक बिघाड आपल्या भाषेचा, जो इंग्रजी पुस्तकांत शोधून सापडणार नाही. कारकून मराठीत नावे लिहितात, म्हणून कळफलक इनस्क्रिप्ट मराठीवर राहिलेला आहे. स्क्रिप्ट कळ पाठवते, अक्षर नव्हे. तिने ‘पी, यू, एन, ई’ या चार कळा दाबल्या आणि गावाच्या रकान्यात ‘जहला’ उमटले, कारण इनस्क्रिप्टमध्ये पी ला ज, यू ला ह, एन ला ल आणि ई ला काना आहे. पाहणाऱ्याला वाटते की फाँट खराब झाला. उलट दिशेनेही तेच. पायऑटोजीयूआयला देवनागरी मजकूर टाइप करायला सांगितला तर तिच्या कळांच्या यादीत ती अक्षरे नसल्यामुळे ती गुपचूप गाळते. एरर येत नाही, रकाना रिकामा राहतो आणि ठेवीदाराचे नाव नसलेली नोंद जतन होते. मजकूर क्लिपबोर्डवर ठेवून पेस्ट करणे हा त्यावरचा खात्रीचा मार्ग. पायविनऑटो देवनागरी टाइप करू शकते, पण तिची टाइप करण्याची आज्ञा वेगळे सांगितल्याशिवाय मधल्या जागा गाळते, आणि नाव, वडिलांचे नाव, आडनाव एकमेकांना चिकटून बसतात. याउपर युनिकोडच्या आधीचे मराठी प्रोग्रॅम आहेतच. त्यांत पडद्यावर ‘सातारा’ दिसते, पण स्क्रिप्टने चौकटीतला मजकूर वाचला की हाती रोमन अक्षरे आणि चिन्हे येतात, कारण आत मराठी कधी नव्हतीच. फाँटच फक्त मराठी होता. या प्रश्नाला पुस्तकात स्वतंत्र प्रकरण दिले आहे. ते लिहायला सर्वात जास्त वेळ लागला, आणि ते मराठीतच लिहिले जायला हवे होते.

कॉमच्या वाटेवर बिघाड कमी, पण त्यांची भाषा दुर्बोध. ‘-२१४७४१८१११, कॉल वॉज रिजेक्टेड बाय कॉली’ हा आकडा पाहून माणसे एक्सेल पुन्हा टाकतात. अर्थ साधा आहे: एक्सेल आत्ता दुसऱ्या कामात आहे. बहुतेकदा कोणीतरी एका चौकटीत कर्सर ठेवून, एंटर न दाबता चहाला गेलेले असते. ‘को-इनिशियलाइझ हॅज नॉट बीन कॉल्ड’ म्हणजे स्क्रिप्टच्या दुसऱ्या थ्रेडने कॉमची तयारी न करताच काम मागितले. ‘जेन-पाय’ नावाच्या फोल्डरमध्ये साठवलेली जुनी माहिती बिघडली की कालपर्यंत चालणारी ओळ आज विचित्र एरर देते. ते फोल्डर पुसले की माहिती पुन्हा तयार होते. स्क्रिप्ट मधेच पडली तर एक्सेलची न दिसणारी प्रत मागे राहते, फाइल अडवून धरते, आणि दुसऱ्या दिवशीची स्क्रिप्ट ‘फाइल वापरात आहे’ म्हणून पडते. आजच्या एररचे कारण कालच्या पडझडीत असते. लॉगवर तारीख आणि वेळ लिहायचा आग्रह मी धरतो तो यासाठी.

इथवर सांगितलेल्या बिघाडांत मला सर्वात जास्त भीती वाटते ती न पडणाऱ्या स्क्रिप्टची. पडलेली स्क्रिप्ट निदान सांगते की काम झाले नाही. चुकीच्या रकान्यात रक्कम लिहून ‘सक्सेस’ छापणारी स्क्रिप्ट कुणाच्या तरी पासबुकात, कुणाच्या तरी पगारात, कुणाच्या तरी रक्ताच्या अहवालात चूक पेरते. माणूस आकडा लिहून झाल्यावर नकळत एकदा पाहतो. स्क्रिप्टला ते पाहणे वेगळे शिकवावे लागते. लिहिलेले परत वाचून ताडून घेणे, बेरीज जुळते का पाहणे आणि जुळली नाही तर थांबून माणसाला हाक मारणे, याला या पुस्तकात दुरुस्तीइतकीच जागा आहे.

हे सगळे आत्ताच का लिहायचे? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि वर्षानुवर्षे न हललेली यंत्रे विंडोज ११ वर गेली किंवा जात आहेत. विंडो त्याच दिसतात, आतले वर्ग आणि वंशावळी बदलल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये व्हीबीस्क्रिप्टला निरोप द्यायचे जाहीर केले, त्यामुळे कार्यालयांत कोपऱ्यात चालू असलेल्या जुन्या स्क्रिप्ट कोणाला तरी पायथनमध्ये आणाव्या लागणार. नव्या आउटलुकमध्ये कॉमची वाट नाही. ‘मेल पाठव’ म्हणणाऱ्या स्क्रिप्टला तिथे दार बंद आहे. आणि पडदा पाहून स्वतः क्लिक करणारी एआय साधने आली आहेत. ती हुशार आहेत, बटण जागचे हलले तरी शोधतात. पण लॉक झालेल्या पडद्यापुढे, अ‍ॅडमिनच्या भिंतीपुढे, मराठीवर राहिलेल्या कळफलकापुढे तीही तशीच उभी राहतात. या वाटा समजलेल्या माणसाची गरज त्यामुळे वाढली आहे.

या पुस्तकात काय नाही तेही सांगतो. तयार स्क्रिप्टचा हा संग्रह नाही. दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेली स्क्रिप्ट आपल्या यंत्रावर का चालत नाही, हाच तर विषय आहे. पायथन शिकवणेही इथे नाही. लूप, फंक्शन आणि एक्सेप्शन माहीत असावे एवढी अपेक्षा. जे आहे ते प्रश्नांच्या क्रमाने आहे. बिघडलेल्या स्क्रिप्टसमोर बसल्यावर आधी सेशन आणि पडदा, मग परवानगी, मग योग्य विंडो आणि प्रोसेस, मग वंशावळ, मग वेळ, मग कळफलक आणि मजकूर, आणि कोड सर्वांत शेवटी. हा क्रम मी अनेक वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी बसून, बरेचदा उशिरा शिकून ठरवला आहे, आणि तो बदलायला हवा असे ज्यांना अनुभवाने वाटेल त्यांचे म्हणणे मला ऐकायचे आहे. काही ठिकाणी पुस्तक सांगते की इथे ऑटोमेशन करूच नका: डेटाबेसमधून अहवाल मागा, एक्सएमएलची सोय वापरा, प्रोग्रॅमच्या कर्त्याला फोन करा. त्या पतसंस्थेत शेवटी तेच केले. कारकून बाईंची लॉक करण्याची सवय आम्ही मोडली नाही. प्रोग्रॅम लिहून देणाऱ्यांनी विचारल्यावर सांगितले की गोषवारा काढायची एक आज्ञा आधीपासून आहे आणि ती विंडो न उघडता चालते.

पुस्तक वाचताना विंडोजच्या एसडीकेबरोबर येणारा ‘इन्स्पेक्ट’ हा प्रोग्रॅम शेजारी उघडा ठेवा. आत्ताच नोटपॅड सुरू करा, इन्स्पेक्ट लावा आणि लिहिण्याच्या जागेवर माऊस न्या. विंडोज १० वर तिथे ‘एडिट’ हा वर्ग दिसेल. विंडोज ११ च्या नव्या नोटपॅडवर त्याच जागी ‘रिचएडिटडी२डीपीटी’ असे लांबलचक नाव दिसेल. नेमका ‘एडिट’ हाच वर्ग शोधणाऱ्या स्क्रिप्टला तिथे काहीच दिसत नाही. पहिले प्रकरण या दोन नावांपासून सुरू होते.